मोरचुदाचं पाणी

माझं नाक अंमळ मोठं आहे. शाळेत त्यावरून पोरांनी मला पुष्कळ पिडलं, पण नोकरीत त्याच नाकानं माझी इभ्रत राखली. मेंढ्यांच्या कळपात खूर सडलेलं एक जरी जनावर असलं तरी वीस-पंचवीस पावलांवरून मला ते कळायचं. तो वास शेणामुताचा नसतो. नासलेलं दूध आणि ओलं कातडं एका खोलीत कोंडून ठेवलं तर जो वास येईल, तो. देगलूरला आमच्या आजोबांचा लोकरीचा आणि कातड्यांचा व्यापार होता, ओसरीवर लोकरीच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत घरात शिरावं लागे. अशा घरात वाढलेल्या माणसाला या बाबतीत वेगळी शिकवणी लागली नाही.

माझा हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस आहे, हे पहिली दोन वर्षं मी सांगून पाहिलं, मग नाद सोडला. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत बदल्या होत होत सगळी नोकरी गेली. गुरांचा दवाखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गायी, म्हशी, फार तर बैल येतात. मेंढी दवाखान्यात येत नाही. दवाखान्यानंच तिच्याकडे जायचं असतं, आणि आपण पोचेपर्यंत ती पुढच्या शिवारात गेलेली असते. माझ्या मोटारसायकलचं निम्मं आयुष्य मेंढ्यांच्या मागे गेलं.

खूर सडणं हा रोग ऐकायला किरकोळ वाटतो. मेंढीचा खूर दुभंगलेला असतो. पावसाळ्यात आपली काळी माती त्या बेचक्यात चिकटून बसते, कातडी भिजून मऊ पडते, त्यात एखादा खडा नाहीतर काटा रुततो. मग दोन जातींचे जंतू मिळून आत शिरतात. एक वाट करून देतो, दुसरा घर पोखरतो. खुराचं कवच आतल्या मांसापासून सुटत जातं. मेंढी आधी एक पाय उचलून धरते. पुढचे दोन्ही पाय गेले की ती गुडघे टेकून चरायला लागते, आणि ते दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला किरकोळ हा शब्द पुन्हा सुचत नाही. लाळ्या-खुरकुतात तोंडाला फोड येतात, लाळ गळते. इथे तोंड साफ असतं, भूक शाबूत असते, फक्त चालता येत नाही. आणि मेंढीला चालता आलं नाही तर खाताही येत नाही, कारण तिचं ताट रोज दोन-चार कोस लांब वाढलेलं असतं.

सुरुवातीला आम्हाला शिकवलं होतं की सडलेला खूर चाकूनं कोरून काढायचा. मी किल्लारीच्या बाजूला होतो तेव्हा रक्त येईपर्यंत कोरायचो आणि हात चांगला आहे म्हणून मान ताठ करून फिरायचो. मेंढपाळही खूष व्हायचे; रक्त निघालं म्हणजे डॉक्टरनं मन लावून काम केलं असा त्यांचा हिशोब. पुढच्या वर्षी त्याच मेंढ्या वेडेवाकडे खूर घेऊन माझ्यासमोरून जायच्या. अती कोरल्यानं खूर नीट भरून येत नाही हे पुढे कळलं. ज्यांचे पाय मी असे बिघडवले त्यांची माफी कुणाकडे मागायची, हे अजून मला कळलेलं नाही.

या रोगापायी माणसंही विचित्र भेटली. आपल्याकडे पीक निघालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावून रानात मेंढ्या बसवतो, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. हदगावच्या बाजूच्या एका शेतकऱ्यानं, आनंदराव म्हणू या त्यांना, आपल्या रानात बसलेल्या कळपात आठ-दहा मेंढ्या लंगडताना पाहिल्या आणि कळप ताबडतोब हलवा म्हणून हटून बसले. म्हणाले, "लंगड्या मेंढ्या बसल्या तं पीक बी लंगडं यील." मी समजावलं की हे जंतू मोकळ्या मातीत आठ-पंधरा दिवसांवर जगत नाहीत, खुरातच जगतात. त्यांना पटेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला: "मंग लिहून द्या." मी दवाखान्याच्या कागदावर, शिक्क्यासह लिहून दिलं की सदर रोग सोयाबीन या पिकास होत नाही. तो कागद त्यांनी घडी घालून टोपीत ठेवला आणि मेंढपाळाला चार दिवस आणखी बसू दिलं. हा किस्सा मी बरीच वर्षं हसत हसत सांगत होतो. सरकारी कागदावर लिहिलं की माणसं डोळे मिटून मानतात, एवढंच मला त्यातून दिसलं, आणि ते मला आवडलंही.

आता मोरचुदाचं. हे निळे खडे फवारणीसाठी पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी असतात. ते पाण्यात विरघळवायचे, आणि खूर बुडतील एवढ्याच उथळ पाण्यातून मेंढ्या चालवत न्यायच्या. खुराला याचा चांगला गुण येतो. पण मोरचुदात तांबं असतं आणि मेंढीला तांबं सोसत नाही. गायीला जे पचेल ते मेंढीला मारतं. म्हणून नियम असा की आधी मेंढ्यांना साधं पाणी पोटभर पाजायचं, म्हणजे त्या निळ्या पाण्याला तोंड लावत नाहीत. मग पाय बुडवून काढायचे, आणि उरलेलं पाणी लांब खड्ड्यात ओतून माती लोटायची. अलीकडे त्याऐवजी जस्ताचं औषध वापरतात, ते पुष्कळ बरं. मोरचुदाचा नियम मी शेकडो लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवला असेल. एका माणसाला सांगितला नाही.

त्या माणसाचं नाव म्हाळाप्पा. मुखेडच्या डोंगरपट्ट्यात धनगरांची एक वाडी आहे, तिथला. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. शंभरावर काळ्या दख्खनी मेंढ्या होत्या. दिवाळीनंतर वाडीतली चार-पाच कुटुंबं मेंढ्या घेऊन गोदावरीकडच्या सपाटीला उतरायची, तेव्हा कोणत्या वाटेनं जायचं, कुणाच्या रानात बसायचं, पाऊस आला तर कुठे थांबायचं, हे म्हाळाप्पा ठरवायचा. मोरक्या म्हणायचे त्याला. त्याचा कान असा की दाटीत कोणती मेंढी खोकली हे न बघता सांगायचा. मी एकदा परीक्षा पाहिली होती. पाठमोरं बसवलं आणि खोकणारी मेंढी विचारली. त्यानं सांगितलेली मेंढी धरून आणली, तिच्याच छातीत घरघर होती.

त्याची बायको नरसाबाई. मी तिला नरसाक्का म्हणायचो. त्यांच्यात लेकीला लग्नात माहेरून दोन-तीन मेंढ्या देतात, आणि त्यांची पुढची सगळी पैदास त्या बाईचीच राहते. कळप एकच, चारा-पाणी एकच, पण कुणाची मेंढी हे सगळ्यांना ठाऊक असतं. नरसाक्काच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला चीर होती. तीसेक झाल्या होत्या. तिचे आईवडील केव्हाच गेले, भाऊ दूर तेलंगणात. "माझं म्हायेर हितंच चरतंय," असं ती म्हणायची.

भाद्रपदातली गोष्ट. झड लागून राहिली होती. मी दुसऱ्याच एका गावात शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाला गेलो होतो. समोर रांग, एका हातात पिचकारी, फोन खांदा आणि कानाच्या मधे दाबलेला. म्हाळाप्पाचा फोन होता. डोंगरावरून आवाज तुटत तुटत यायचा.

"डाक्टर, मेंढ्या लंगडून राहिल्या. नरसीच्या तं लईच. पाय टेकीनात."

"तोंडात फोड आहेत का?"

"न्हाई. तोंड साफ हाय."

"खुराला वास?"

"हाव. लई घान."

माझं निदान तिथेच झालं. खरं तर या रोगाचं निदान करणारं माझं नाक फोनवर चालत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायला हवं होतं. पण चाळीसेक गावं आणि मी एकटा, ही सबब तेव्हा मला रोजच हाताशी असायची. विचारलं, "मोरचूद मिळेल का वाडीत?"

"हाय बापूकडं."

"दहा लिटर पाण्यात अर्धा किलो टाका. चांगलं विरघळू द्या. आणि मेंढ्यांना ते पाणी दाखवा, रोज एक डाव. आधी लंगड्यांना. मी परवा येतो."

"बरं डाक्टर," तो म्हणाला, आणि मी पिचकारी भरायला लागलो.

मराठी वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. तरी सांगतो, कारण मी हे सांगायचं तीन वर्षं टाळलं. दाखवणे हा शब्द माझ्या तोंडात बसलेला आहे. आपण पापडांना ऊन दाखवतो, चाकूला आग दाखवतो, मी जखमेला औषध दाखवायचो, खुराला मोरचुदाचं पाणी दाखवायचो. माझ्या मनात पायच होते. पण जनावराला पाणी दाखवणं म्हणजे पाजणं, याखेरीज दुसरा अर्थ मेंढपाळाच्या घरात नाही. उन्हाळ्यात दोन मेंढपाळ भेटले की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न "पाणी दावलं का?" हाच असतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीसुद्धा रोज तेच विचारायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "डाक्टर, मेंढ्या आडव्या पडून राहिल्या. निळं-हिरवं हगून राहिल्या." मोटारसायकल मी किती जोरात हाणली ते आठवत नाही. वाडीखालच्या ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडेच टाकून गेलो.

वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या, आत मेंढ्या पडल्या होत्या. तोंडातून फेस, दात खात होत्या, पोटात कळा येऊन पाय झाडत होत्या. शेजारी दगडी दोणी, आणि तिच्या तळाशी निळं पाणी. म्हाळाप्पा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मला जसं घडलं तसं सांगितलं. मेंढ्या त्या पाण्याला तोंड लावेनात. म्हणून सकाळपासून तहानलेल्या ठेवल्या. तरी प्याल्या नाहीत, तेव्हा एकेकीला धरून बांबूच्या नळकांड्यानं घशात ओतलं. आधी लंगड्यांना, मी सांगितलं तसं. लंगड्या बहुतेक नरसाक्काच्या होत्या. पहिल्या पडायला लागल्या तेव्हा त्यानं हात थांबवला, म्हणून बाकीचा कळप वाचला.

"पाजलं कशाला?" मी ओरडलो. "पायाला होतं ते! पायाला!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पायाला?" एवढंच म्हणाला.

त्याला शंका का आली नाही, असं कुणी विचारील. त्याच्या बापाच्या वेळी सरकारी दवाखान्यातून जंतावर निळं पाणीच पाजायला देत. मापात, फार पातळ करून, पण पाजतच. त्यानं लहानपणी ते नळकांडं धरलेलं होतं. आता डॉक्टरनं निळं पाणी दाखवायला सांगितलं, त्यानं दाखवलं.

दूध, अंड्यांचा पांढरा बलक, सलाईन, जे सुचलं ते सगळं केलं. त्या दोन दिवसांत तेवीस मेंढ्या मेल्या. त्यांतल्या एकोणीस कानाला चीर असलेल्या. नरसाक्का रडली नाही. मेलेल्या मेंढीचा कान धरून बघायची, चीर असली की तिच्याजवळ थोडा वेळ बसायची, मग पुढच्या मेंढीकडे जायची.

तालुक्याचे साहेब आले. दोन मेंढ्या फाडून पाहिल्या. पोटातलं सगळं निळसर हिरवं. त्यांनी मला विचारलं, "हे कसं झालं?" मी म्हणालो, "मी पाय बुडवायला सांगितलं होतं साहेब. त्यांनी पाजलं." हे बोलताना मी खोटं बोलतोय असं मला वाटत नव्हतं. माझ्या मनात पाय होते, म्हणून तोंडूनही पायच निघाले असणार, असं मी धरून चाललो होतो. साहेब म्हणाले, "मग तसं लिहा."

पंचनामा माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे माझं. मेंढपाळाने खुरांसाठी सांगितलेले औषधी पाणी गैरसमजुतीने पाजल्यामुळे विषबाधा होऊन मेंढ्या दगावल्या, असं मी लिहिलं. मग पंचांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं.

म्हाळाप्पानं विचारलं, "गैरसमजूत म्हंजी?"

"म्हणजे ऐकण्यात चूक झाली, मामा."

त्याची मान खाली होती. मग म्हणाला, "आसंल." आणि अंगठा पुढे केला. शाईचं पॅड मीच धरलं होतं.

त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी कंधारकडच्या एका मेंढपाळणीचा फोन आला. तिच्याही मेंढ्या लंगडत होत्या. मी दवाखान्यात निवांत बसलो होतो, घाई कसली नव्हती. मी सगळं नीट विचारलं आणि सांगितलं, "मोरचूद दहा लिटरला अर्धा किलो. मेंढ्यांना ते पाणी दाखवा."

ती म्हणाली, "पाजायचं व्हय, डाक्टर?"

मी तिला पाजू नका, पाजू नका म्हणून इतक्या वेळा सांगितलं की ती बिचारी घाबरली. त्याच संध्याकाळी मी तिच्या वाडीवर जाऊन स्वतः खड्डा खणून, मेंढ्यांना साधं पाणी पाजून, एकेक मेंढी मोरचुदाच्या पाण्यातून काढली. येताना रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलो. ऐकण्यात चूक झालीच नव्हती. म्हाळाप्पानं माझा शब्द जसाच्या तसा ऐकला होता.

तेव्हाच तालुक्याला जाऊन दुसरा कागद लिहायला हवा होता. लिहिला नाही. चौकशी लागेल, बढती अडेल, पेन्शनचं काय होईल, असे विचार मी केले. पंचनामा झाला, मेंढ्या काही परत येत नाहीत, असंही स्वतःला सांगितलं. घरी बायकोला मात्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "जबान तुमारी फिसली, और नाम उसका लिखे?" मी म्हणालो, नोकरीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "उसका बी कुछ होएंगा ना." पुढे तिनं तो विषय काढला नाही, पण मेंढ्यांचे किस्से मी सांगायला लागलो की ती उठून आत जायची.

त्याचं काय होतं ते मला पुढच्या तीन वर्षांत दिसत गेलं. त्या दिवाळीनंतर वाडी खाली उतरली तेव्हा मोरक्या दुसरा होता. म्हाळाप्पा मागे, कोकरांबरोबर चालायचा. वाडीत त्याला बहिरा म्हाळाप्पा म्हणायला लागले. बहिरा! ज्याला शंभर मेंढ्यांतल्या एकीचा खोकला कळतो तो. पोरंसोरं त्याच्याशी उगाच ओरडून बोलायची. त्याची भाकरी, त्याची जागा कुणी हिरावली नाही, तसं करणारी ती माणसं नव्हती. पण मेंढ्यांबद्दल त्याला कुणी काही विचारेनासं झालं.

घरातही तेच. मी औषध घेऊन गेलो की नरसाक्का पुढे यायची. बाटली स्वतःच्या हातात घ्यायची. "मला सांगा डाक्टर. दोनदा सांगा. ह्याला ऐकू येत न्हाई." म्हाळाप्पा तिथेच उभा असायचा. एकदाही म्हणाला नाही की मला ऐकू येतं. मी औषध दोनदा समजावून सांगायचो, दोन्ही वेळा तिच्याकडे बघून, आणि गाडीला किक मारायचो. माझ्या नोकरीतली सगळ्यांत लाजिरवाणी कामं कोणती असं कुणी विचारलं तर ती ही, ती दोन-दोनदा सांगितलेली औषधं.

एकदा निघताना त्याला बाजूला घेऊन मी म्हणालो, "मामा, कान तपासून घ्यायचा का नांदेडला?" का म्हणालो मलाच माहीत नाही. बहुतेक तो चिडावा, माझी गचांडी धरावी, असं वाटत असणार. तो म्हणाला, "तुमी म्हनता तं जाऊ."

मग मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात माझ्या नाकाचं कौतुक झालं, सोयाबीनच्या दाखल्यावर लोक पोट धरून हसले. घरी आल्यावर बायकोनं नारळ देवळीत ठेवला, शाल घडी करून कपाटात टाकली आणि विचारलं, "अब?" मला कळलं ती काय विचारते.

निवृत्तीनंतर खरं बोलायला फार हिंमत लागत नाही हे मला कळतं. त्याचं कौतुक करून घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. पेन्शन सुरू होईपर्यंत मी थांबलो, हेही इथे लिहून ठेवतो.

लोकर कातरायचे दिवस होते. वाडीची माणसं मन्याडच्या पात्रात उतरली होती. कातरणीआधी मेंढ्या नदीत धुतात, वाळवतात, मग चार घरचे पुरुष मिळून एकमेकांच्या मेंढ्या कातरतात. कितीतरी कातरी एका तालात वाजत असतात, कोकरं आयांना ओळखेनाशी होऊन कल्ला करतात. बायका लांब, वाळूच्या उंचवट्यावर बसून लोकर निवडतात, काडी-कचरा, काटे काढतात. मी एसटीनं मुखेडला उतरलो, पुढे जीपनं, आणि पात्रातून चालत गेलो. लोकांनी आदरानं बसायला घोंगडं टाकलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि मी परत गेलो असतो.

उभ्यानंच म्हणालो, "मला एक सांगायचंय. सगळ्यांनी ऐका. म्हाळाप्पामामाच्या मेंढ्या मेल्या त्या माझ्या चुकीनं मेल्या. मी फोनवर म्हणालो होतो, मोरचुदाचं पाणी दाखवा. पायाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मामांनी बरोबर ऐकलं. मी कागदावर चुकीचं लिहिलं. मला ते पंधरा दिवसांत कळलं होतं, आणि मी गप्प बसलो."

एकेक करून कातरी थांबल्या. आता जो मोरक्या होता त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. कुणीतरी म्हणालं, "पाणी दावा म्हनलं तं कुनी बी पाजंल की." आणखी एकजण म्हणाला, "आमी बी पाजलं आसतं." मग सगळे म्हाळाप्पाकडे बघायला लागले.

त्याच्या गुडघ्यांत एक मेंढी अर्धी कातरलेली होती. एका अंगाला काळी लोकर, दुसऱ्या अंगाला उघडी कातडी. त्यानं ती तशी सोडली नाही. कातर चालू ठेवली, पोटाखालची, मग मागच्या पायाची लोकर काढली, अगदी जपून, कुठे ओरखडा उठू न देता. मेंढी उठून अंग झाडून पळाली. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नरसी तिकडं हाय. तिला न्हाई ऐकू गेलं. तितं जाऊन सांगा."

मी उंचवट्यावर गेलो. नरसाक्कापुढे लोकरीचा ढीग होता. तिच्यासमोर वाळूत बसलो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं, कारण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "त्यांस्नी सांगितलं?"

"हो. आधी त्यांनाच सांगितलं, सगळ्यांसमोर."

"काय म्हनले?"

"म्हणाले, नरसीला जाऊन सांगा."

तिचे हात लोकरीत तसेच राहिले. खाली पात्रात कातरी पुन्हा वाजायला लागल्या होत्या. मग ती बोलली, माझ्याशी की स्वतःशी ते मला अजून ठरवता येत नाही.

"मेंढ्या मेल्या तवा त्यो मला म्हनला हुता, डाक्टरनं सांगितलं तसंच केलं म्या. तीनदा म्हनला." तिनं लोकरीतून एक काटा काढला. "म्या म्हनले, डाक्टर कसा चुकंल?"